पाणी मोजावे मे महिन्यात, शेवटच्या घरी

जर्सी सिटीत नळ सोडला की येणारे पाणी रॉकअवे नदीचे असते. शहरापासून वीस-पंचवीस मैलांवरच्या बूंटन जलाशयात ते साठवलेले असते. या पाण्यावरून एकेकाळी मोठा खटला झाला होता. १८९९ साली शहराने करार केला: नदीवर धरण बांधायचे, जलवाहिनी टाकायची आणि शहराला शुद्ध, आरोग्याला हितकर पाणी पुरवायचे. १९०४ मध्ये धरण उभे राहिले, जलवाहिनीतून पाणी शहरात पोहोचले. बांधकाम डोळ्यांना दिसत होते, तरीही करार पुरा झालेला नाही असे म्हणत शहर कोर्टात गेले. १९०८ साली न्यायाधीश फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी निकाल दिला. एरवी पाणी चांगले असते, पण वर्षातून दोन-तीनदा, मोठ्या पावसानंतर, ते कराराच्या कसोटीला उतरत नाही, असे त्यांनी म्हटले. त्या दोन-तीन प्रसंगांसाठी पाणी पुरवणाऱ्या कंपनीला उपाय करावा लागला. कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी त्याच वर्षी २६ सप्टेंबरला बूंटनच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचे द्रावण सोडायला सुरुवात केली. अमेरिकेत एखाद्या शहराच्या सगळ्या पाण्याला अखंड क्लोरीन देण्याची ती पहिली वेळ होती, आणि १९१० मध्ये कोर्टाने तो उपाय मान्य केला. आपल्याकडचा जलसुरक्षक विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतो, तीही याच जातीची.

त्या निकालातली क्लोरीनची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मला त्यातली मोजण्याची पद्धत जास्त मोलाची वाटते. कोर्टाने वर्षाची सरासरी काढली नाही, बांधलेल्या धरणाची उंचीही मोजली नाही. वर्षातल्या सर्वांत वाईट दिवशी माणसाच्या पेल्यात काय पडते, हे पाहिले. इथल्या, जर्सी सिटीतल्या मराठी घरांतून गावाकडच्या पाणीयोजनांना पैसे जातात. कोणी शाळेला टाकी देते, कोणी विहिरीचा गाळ काढून देते, कोणी बंधाऱ्याचा खर्च उचलते. हे काम करणाऱ्यांना एक प्रश्न नेहमी पडतो: गावातल्या घरांना पाणी खरोखर मिळते का, आणि आपल्या पैशाने त्यात फरक पडला का, हे कसे कळावे? हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. गावाचे पाणी मोजायचे तर ते टंचाईच्या ऐन महिन्यात, वाहिनीच्या शेवटच्या घरी आणि त्या घराच्या भांड्यांत मोजले पाहिजे, असे माझे मत आहे. बाकीचे आकडे उपयोगाचे असले तरी त्यांची जागा याच्या नंतरची.

आधीचे आकडे काय मोजतात ते पाहू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. २०११ च्या जनगणनेने विचारले होते की पिण्याच्या पाण्याचा स्रोत घराच्या आवारात आहे, जवळ आहे की दूर. ग्रामीण भागात ‘जवळ’ म्हणजे ५०० मीटरच्या आत. हे अंतर झाले. त्या स्रोतात एप्रिलमध्ये पाणी असते का, हे त्यातून कळत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८ मधल्या ७६ व्या फेरीने पुढची पायरी गाठली. ग्रामीण घरांपैकी ५८.२ टक्के घरांना आवारातच पाणी होते, आणि मुख्य स्रोतातून वर्षभर पुरेसे पाणी मिळते असे ८७.६ टक्के घरांनी सांगितले. म्हणजे दर आठ घरांतले एक घर स्वतःच सांगत होते की पाणी वर्षभर पुरत नाही. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झाले तेव्हा देशातल्या ३.२३ कोटी, म्हणजे सुमारे १७ टक्के ग्रामीण घरांत नळ होता. आज तो आकडा १५ कोटींच्या पुढे गेला आहे. हे काम फार मोठे आहे, आणि त्याला हिणवून कोणाचे भले होणार नाही. पण मिशनने स्वतःच नळाची व्याख्या करताना माणशी रोज ५५ लिटर, प्रमाणित शुद्धता आणि नियमित पुरवठा अशा तीन अटी घातल्या आहेत. २०२२ मध्ये केंद्रानेच करवलेल्या पाहणीत नमुन्यातल्या ८६ टक्के घरांचा नळ चालू होता, पण तिन्ही अटी एकत्र पुऱ्या करणारी घरे सुमारे ६२ टक्के भरली. जोडणीचा आकडा आणि पाण्याचा आकडा यांत एवढे अंतर पडते.

आता नळ नसलेल्या घरापासून सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून पाण्याच्या सोयीची एक शिडी वापरतात. सुरक्षित बांधणीच्या स्रोतावर जाऊन, रांगेत थांबून परत यायला अर्धा तास किंवा त्याहून कमी लागत असेल तर ती ‘मूलभूत’ सोय. जास्त लागत असेल तर ‘मर्यादित’. ही वेळेची मोजणी अंतरापेक्षा केव्हाही चांगली, कारण सह्याद्रीच्या उतारावर २०० मीटर खाली असलेली विहीर नकाशावर जवळ दिसते आणि भरला हंडा घेऊन चढताना लांब होते. तरीही अर्ध्या तासाच्या रेषेवर समाधान मानू नये. साधा हिशेब करा. पाच माणसांच्या घराला माणशी ५५ लिटरने २७५ लिटर लागतात. १५ लिटरचा हंडा धरला तर अठरा-एकोणीस हंडे झाले. डोक्यावर एकावर एक दोन हंडे आणले तरी नऊ-दहा खेपा, आणि खेपेला अर्धा तास म्हणजे साडेचार-पाच तास. इतका वेळ कोणत्याच घरात नसतो. मग घर माणशी २० लिटरवर येते, म्हणजे सात हंडे, चार खेपा, दोन तास. पूर्व आफ्रिकेतल्या घरांवर गिल्बर्ट व्हाइट आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९७२ मध्ये ‘ड्रॉअर्स ऑफ वॉटर’ या ग्रंथात आला. त्यानंतरच्या अभ्यासकांना असे दिसले की खेप साधारण पाच मिनिटांच्या वर गेली की घरातला वापर घटतो, आणि मग अर्ध्या तासापर्यंत फारसा बदलत नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. पंचवीस मिनिटांची खेप बारा मिनिटांवर आणणारा हातपंप बसवला तर लिटर कदाचित वाढणार नाहीत, पण चार खेपा धरल्या तर बाईचा दिवसातला जवळजवळ तासभर मोकळा होईल. फक्त लिटर मोजणारा माणूस म्हणेल, काही फरक पडला नाही. म्हणून पाहणीत लिटर आणि वेळ हे दोन वेगळे रकाने हवेत, आणि तिसरा रकाना खेप कोणी केली याचा: आई, सून, की शाळेत जाणारी मुलगी.

लिटर विचारताना ‘रोज किती पाणी लागते?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर अंदाजाने येते. ‘काल सकाळपासून रात्रीपर्यंत किती हंडे, किती कळशा आणल्या?’ असे विचारा आणि मग त्याच घरातला हंडा लिटरच्या बाटलीने भरून पाहा. दुकानात १५ लिटरचा म्हणून घेतलेला हंडा डोक्यावर नेताना काठोकाठ भरत नाहीत. गुरांचे पाणी वेगळे लिहा. एक म्हैस उन्हाळ्यात दिवसाला चाळीस-पन्नास लिटर सहज पिते. ते पाणी माणसांच्या हिशेबात मिसळले की गरीब घरही आकड्यात पाणीदार दिसते. नळाच्या घरी मोजणी आणखी सोपी आहे, पण ती पाणी सुटलेले असताना आणि शेजारचे सगळे नळ चालू असतानाच करायची. १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर पाहा. दोन मिनिटे लागली तर मिनिटाला साडेसात लिटर. पाणी पाऊण तास राहत असेल तर एका पाळीला सुमारे ३३७ लिटर. पाळी एक दिवसाआड असेल तर पाच माणसांच्या घरात माणशी जेमतेम ३४ लिटर पडतात. दोन दिवसाआड असेल तर २२-२३. कागदावर हे घर नळजोडणीचे आहे. त्यातही ते पाणी साठवायला भांडी हवीत. तीन दिवसांचे ५५ लिटर म्हणजे ८०० लिटरहून जास्त साठा, आणि ज्या घरात २०० लिटरचे दोन पिंप आहेत तिथे बाकीचे पाणी गटारात जाते. म्हणून घरातली भांडी मोजणे हा पाणी मोजण्याचाच भाग आहे. वरच्या अंगाची घरे वाहिनीला थेट मोटार लावून पाणी ओढत असतील तर तेही लिहा, कारण खालच्या घरची धार का बारीक आहे याचे उत्तर बऱ्याचदा तिथेच असते.

वेळ निवडताना आपल्या खडकाचा विचार करावा लागतो. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टचा आहे. या खडकात पाणी राहते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. साठा थोडा, आणि तो लवकर रिकामा होतो. दिवाळीत तुडुंब असलेली विहीर होळीला हात वर करते, हे आपल्याला नवे नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पाऊस मुबलक पडतो आणि मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणे त्याच परिसरात आहेत. तरी उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर जातात. अशा गावात ऑगस्टमध्ये केलेली पाहणी सर्व काही ठीक असल्याचे सांगेल, आणि ते खोटेही नसेल. सुटीत गावी जाणारे आपण बहुधा डिसेंबरात जातो, तेव्हा पाणी असतेच. त्यामुळे पहिली मोजणी एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात करावी आणि दुसरी पाऊस सुरू झाल्यावर, जेव्हा प्रमाण भरपूर पण पाणी गढूळ असते. जर्सी सिटीच्या खटल्यातही पावसानंतरचेच दिवस वादात होते.

घरे निवडताना ग्रामपंचायतीची नळजोडणीची यादी हातात घेऊ नका. त्या यादीत नळ असलेलीच घरे असतात, म्हणजे उत्तर आधीच ठरलेले असते. घरपट्टीचा नमुना ८ त्यापेक्षा बरा, पण त्यातही गायरानावरच्या झोपड्या, मळ्यातली घरे आणि अलीकडे वेगळ्या झालेल्या भावांच्या चुली सुटतात. आधी गावठाण, वाड्या, वस्त्या, पाडे, तांडे पायी फिरून एका कागदावर काढा, मग मोजणी. तीनशे घरांच्या गावात दर सहावे घर घेतले तर पन्नास घरे होतात आणि गावाचे ढोबळ चित्र मिळते. टक्केवारीत दहा-तेराचा फरक इकडेतिकडे होऊ शकतो, हे धरून चालावे. पण वाहिनीच्या टोकाची, उंचावरची आणि नळ नसलेली घरे सगळीच्या सगळी घ्या, आणि त्यांचे आकडे वेगळे ठेवा. इथे अमेरिकेतला एक नियम अभ्यासण्यासारखा आहे. १९९१ पासून नळाच्या पाण्यातले शिसे शुद्धीकरण केंद्रात मोजून भागत नाही. धोका जास्त असलेल्या घरांतून, पाणी नळात किमान सहा तास थांबल्यावरची पहिली धार नमुना म्हणून घेतली जाते. आणि निर्णय सरासरीवर होत नाही: दहा टक्क्यांहून जास्त नमुन्यांत लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे निघाले की पाणीपुरवठ्याला पावले उचलावी लागतात. गावासाठी हीच रीत घ्यावी. ‘गावाची सरासरी ४८ लिटर’ असे लिहिण्याऐवजी ‘इतकी घरे २० लिटरच्या खाली, इतकी ५५ च्या खाली’ असे लिहिले की ती घरे सरासरीत हरवत नाहीत.

काही घरांना मात्र अंतर, वेळ आणि लिटर या तिन्हींतून न दिसणारी अडचण असते. पाणी जवळ आहे, भरपूर आहे, पण त्यांना ते घेता येत नाही. महाडचे चवदार तळे याचा सर्वांत ठळक पुरावा आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले असल्याचा ठराव केला. दप्तरात पाहिले तर त्या दिवसापासून सर्वांना पाणी होते. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, आणि पुढचा कोर्टाचा लढा १९३७ पर्यंत चालला. आजच्या पाहणीतही ‘गावात विहिरी किती?’ या प्रश्नाबरोबर ‘या विहिरीवर कोणत्या वस्तीची माणसे येतात, कोणती येत नाहीत?’ हे विचारलेच पाहिजे, आणि सकाळी विहिरीवर उभे राहून पाहिलेही पाहिजे. खाजगी विहिरीवरून पाणी भरणाऱ्या घराला त्या बदल्यात काय करावे लागते, मालकाची मर्जी फिरली तर काय होते, हेही विचारावे. प्रश्न विचारणारी बाई असावी, उत्तर देणारी घरातली पाणी भरणारी बाई असावी, आणि सोबत सरपंच किंवा सासरे नसावेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाणी-असुरक्षिततेची एक बारा प्रश्नांची मोजपट्टी अनेक देशांत वापरली जाते. मागच्या चार आठवड्यांत पाण्याची काळजी वाटली का, पाण्यावाचून हात धुवायचे राहिले का, तहानेले झोपावे लागले का, असे तिचे प्रश्न असतात. ते मराठीत विचारायला अवघड नाहीत, आणि बादलीने न कळणारे पुष्कळ काही त्यांतून कळते.

शुद्धतेबाबत थोडक्यात. विहिरीचा नमुना तपासला म्हणजे माठातले पाणी तपासले असे होत नाही, दोन्ही तपासावे लागतात. नळाच्या टोकाला क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा. जलसुरक्षकाकडच्या ओटी चाचणीत पाण्याला पिवळा रंग येतो की नाही यावरून ते जागीच कळते. जंतूंसाठी एचटूएस बाटली स्वस्त आणि सोपी आहे. ग्वाल्हेरच्या संशोधकांनी १९८२ मध्ये मांडलेल्या या चाचणीत दूषित पाणी एक-दोन दिवसांत काळे पडते, आणि ते बघायला शिकावे लागत नाही. फ्लोराइड आणि नायट्रेट डोळ्यांना दिसत नाहीत. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या बोअरवेलसाठी प्रयोगशाळेतली तपासणी टाळू नये.

या सगळ्यावर आक्षेप येतील, आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा की मे महिन्यात मोजणे म्हणजे योजनेवर अन्याय, बाकीचे दहा महिने पाणी असतेच की. पण ऑक्टोबरात मिळालेले जादा पाणी मे महिन्यात पिता येत नाही. सरासरी हिशेबाच्या वहीत निघते, तहान त्या त्या दिवशीच लागते. योजनेचे श्रेय द्यायचे असेल तर दोन्ही ऋतूंचे आकडे शेजारी लिहावेत, एकाने दुसरा झाकू नये. दुसरा आक्षेप, बाया वाढवून सांगतील, कारण योजना यावी असे प्रत्येकीला वाटते. असे होते, आणि उलटही होते. पाहुण्यांसमोर घराची उणीव लपवणारेही असतात. त्यासाठीच बादली, बाटली आणि घड्याळ. शिवाय पहाटे पाच ते नऊ विहिरीवर बसून किती हंडे वर आले ते मोजावे आणि घराघरांतून आलेल्या बेरजेशी ताडून पाहावे. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: मोजण्यावर घालवलेला पैसा पाइपावर का घालू नये? पण बंद पडलेल्या अनेक योजनांत पाइप नसल्याची तक्रार नसते. विहीर आटलेली असते, विजेचे बिल थकलेले असते, पंप जळालेला असतो किंवा व्हॉल्व्ह सोडणाऱ्याचा पगार रखडलेला असतो. अशा गावात आणखी पाइप घातला तर तोही कोरडाच राहील. दोन शिकलेल्या मुली दिवसाला बारा-पंधरा घरे करतात; पन्नास घरांना चार दिवस पुरतात. त्यांना पूर्ण मजुरी द्या, सेवेच्या नावाखाली फुकट राबवू नका. आणि चौथा आक्षेप, परदेशात बसून गावाला काय कळणार? ते मान्य करूनच काम आखावे. मोजणारे गावातलेच असावेत, इथल्या माणसाने आकडे ताडावेत आणि नीट प्रश्न विचारावेत. एक सोय मात्र वेळेच्या फरकाने दिली आहे. एप्रिल-मे महिन्यांत जर्सी सिटीत रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा गावात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा वाजलेले असतात. विहिरीवरची रांग, नळाची धार आणि टँकरची गर्दी व्हिडिओ कॉलवर पाहायला याहून चांगली वेळ नाही.

निष्कर्ष आधी गावाला सांगावेत, देणगीदारांना नंतर. महाराष्ट्रात १ मे रोजी ग्रामसभा होते. मोजणी एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उरकली तर आकडे अगदी वेळेवर हातात येतात. तेच आकडे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचले तर बाहेर ओढे वाहत असतील आणि टंचाईचा विषय पुढच्या वर्षावर जाईल. फळ्यावर घरमालकांची नावे लिहू नका; वस्तीवार किती घरे २० लिटरच्या खाली, पाण्यापायी रोज किती तास जातात आणि किती माठांचे पाणी काळे पडले, एवढे तीन आकडे पुरेत. हिवरे बाजारसारख्या गावांनी पाण्याचा ताळेबंद दरवर्षी गावासमोर मांडायची पद्धत घालून दिली आहे, ती कोणत्याही ग्रामसभेला घेता येईल. मूळ कागद ग्राम पाणीपुरवठा समितीकडे राहावेत आणि त्यांची एक प्रत मोजणाऱ्या मुलींकडे. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच आठवड्यात, त्याच घरांत, त्याच बादलीने पुन्हा मोजायचे आहे. म्हणून बादलीच्या आतून १५ लिटरची रेघ रंगाने ओढून ती गावच्या शाळेत ठेवायला सांगा.